बारीक केसांना जाड केसांचे नियम नकोत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पाऊस लागला की पुरवण्यांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर केसांच्या सल्ल्यांना ऊत येतो. रात्रभर तेल चोपडून ठेवा, आठवड्यातून एकदाच न्हा, एरंडेल लावा, अंडे फोडून थापा. दाट, जाड केसांना यातले बरेचसे पचून जाते. तेच बारीक केसांवर केले की केस डोक्याला चप्प बसतात, टाळू चिकट होते, कोंडा धरतो आणि खापर फुटते ते पाण्यावर नाहीतर शॅम्पूवर. आम्ही गोव्यातले केशकर्तनकार आणि पार्लरचालक; आमची विनंती एवढीच आहे, की केसांबद्दल काही छापताना ते कुठल्या केसांसाठी आहे आणि किती चमचे, किती मिनिटे, हे सोबत द्यावे. बारीक केसांपुरते ते आम्ही खाली देत आहोत.

आधी आपले केस बारीक आहेत की विरळ झालेत, ते ठरवा. गळून पडलेला एक केस अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून फिरवा. बोटांना काहीच लागले नाही तर तो बारीक. जाड केस दोऱ्यासारखा जाणवतो. साधारण ५०-६० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत जाडी असली की केस बारीक समजतात. जाड केस ८०-१०० मायक्रॉनपर्यंत जातो. ही जाडी जन्मजात असते, तेलाने किंवा गोळीने ती वाढत नाही. डोके भरलेले असूनही केस बारीक असू शकतात. उलट भांग रुंद होत चालला असेल, कपाळाच्या कडा मागे सरकत असतील, तर ते विरळ होणे. त्याबद्दल शेवटी लिहिले आहे.

दुसरी तपासणी न्हाणीघरात करायची. जाळीवर अडकलेले केस उचलून धुवा आणि पांढऱ्या कागदावर एकेक सुटा करून ठेवा. पूर्ण लांबीचा केस आणि एका टोकाला टाचणीच्या डोक्याहून बारीक पांढरा ठिपका दिसला, तर तो मुळापासून, आपली मुदत संपवून गळलेला केस. असे दिवसाला ५० ते १०० केस जाणे नेहमीचेच आहे. आठवड्यातून एकदा न्हाणाऱ्याला सात दिवसांचे एकदम दिसतात, म्हणून मूठभर वाटतात. पण कागदावर चार-पाच बोटे लांबीचे, दोन्ही टोकांना ठिपका नसलेले तुकडे जास्त दिसले, तर केस गळत नाहीत, तुटत आहेत. तिथे गोळ्या घेऊन काही होणार नाही. दोष कंगव्यात, बांधण्यात, इस्त्रीत किंवा ओले केस हाताळण्यात शोधायचा. पार्लरमध्ये ‘केस गळतात’ म्हणून येणाऱ्या बारीक केसांच्या मुलींपैकी बऱ्याच जणींचे केस प्रत्यक्षात तुटत असतात.

आता धुणे. बारीक केस लवकर तेलकट होतात याचे कारण साधे आहे. टाळूतल्या ग्रंथी तेल सोडायचे तेवढेच सोडतात, पण ते पसरायला बारीक केसांवर जागा कमी मिळते, आणि हलके केस थोड्याशा तेलानेही एकमेकांना चिकटतात. म्हणून गोव्याच्या दमट हवेत बारीक केस एक दिवस आड धुवावेत; रोज हेल्मेट घालून घाम निथळत असेल तर रोज धुतले तरी बिघडत नाही. वारंवार धुण्याने केस गळतात हा समज सोडून द्यावा. धुताना निघणारा केस आधीच सुटलेला असतो.

शॅम्पू खांद्यापर्यंतच्या केसांना एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिलि, पुरतो. तो वाटीभर पाण्यात मिसळून बोटांच्या टोकांनी फक्त टाळूवर लावायचा, नखे लावायची नाहीत. मिनिटभर चोळून पाणी ओतले की खाली वाहणारा फेस लांबीला तेवढा पुरे होतो. लांबी डोक्यावर गोळा करून धुण्याच्या कपड्यासारखी घुसळली, की गाठी तिथेच बसतात. पाणी मिसळलेला शॅम्पू बाटलीत भरून ठेवू नका. पातळ केल्यावर त्यातली टिकाऊ द्रव्येही पातळ होतात आणि आठवडाभरात त्यात जंतू वाढू शकतात. पाणी कोमट असावे. शेवटी गार पाणी ओतल्याने केसांचे आवरण ‘बंद’ होते म्हणतात, त्यात तथ्य नाही. उन्हाळ्यात बरे वाटते, इतकेच.

डोक्याला अंगाचा साबण लावणारे अजून पुष्कळ आहेत, विशेषतः पुरुष. टाळूचा पीएच साधारण साडेपाच, केसाचा त्याहून कमी, आणि साबणाच्या वडीचा नऊ-दहा. एवढ्या अल्कधर्मी पाण्यात केसावरचे खवले उचलले जातात, केस एकमेकांत अडकतात. बारीक केसावर ही झीज लवकर दिसते. शॅम्पू-कंडिशनर एकत्र असलेली बाटलीही टाळा, तिच्यातले सिलिकॉन बारीक केसांना बसवते. ‘सल्फेटमुक्त’ लिहिले म्हणजे सौम्यच असे नाही, पण टाळू कोरडी पडत असेल तर लेबलवर सोडियम लॉरिल सल्फेट पहिल्या दोन-तीन घटकांत नसलेला शॅम्पू बघावा.

कंडिशनर लावला की केस चिकट होतात म्हणून तो सोडून देणाऱ्या बहुतेक जणी तो टाळूला लावत असतात. अर्धा छोटा चमचा घ्या, तळहातांवर पसरा, कानाच्या पाळीखालच्या लांबीलाच लावा. दोन मिनिटे थांबा. तेवढ्यात रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर येत गुंता सोडवा आणि धुऊन टाका. यातले धनभारित घटक झिजलेल्या जागी चिकटतात, त्यामुळे केसावर केस घासत नाही. बारीक केस वाचतो तो यामुळे. कमी खर्चात केस वाचवायचे असतील, तर बाकी सीरम, मास्क, स्पा सगळे सोडा आणि हा अर्धा चमचा ठेवा.

तेलाबद्दल लिहायचे म्हणजे गोव्यात धाडसच. घाण्यावरचे खोबरेल घरोघरी, आणि त्याला नावे ठेवायचे कारणही नाही. खोबरेलातले लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते; सूर्यफुलाचे तेल किंवा खनिज तेल हे करू शकत नाही, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या अभ्यासात दिसले. (अभ्यास खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्याच प्रयोगशाळेतला होता, हेही ध्यानात ठेवलेले बरे.) मुद्दा तेल कधी आणि किती लावायचे हा आहे. बारीक केसांना धुण्याआधी अर्धा ते एक तास, अर्धा छोटा चमचा, तोही लांबीच्या खालच्या अर्ध्या भागाला. आठवड्यातून एकदा. धुतल्यानंतर तेल नको. वाटीभर तेल टाळूत जिरवून रात्रभर ठेवले, तर ते काढायला दोनदा-तीनदा शॅम्पू लागतो आणि वाचवलेले सगळे त्यात जाते. शिवाय कोंड्याला कारण होणारी मॅलासेझिया ही बुरशी तेलातल्या स्निग्धाम्लांवरच जगते. कोंडा असताना टाळूला तेल लावणे म्हणजे तिला जेवू घालणे. त्या वेळी केटोकोनॅझोल दोन टक्के असलेला शॅम्पू आठवड्यातून दोनदा, टाळूवर तीन ते पाच मिनिटे ठेवून, दोन ते चार आठवडे वापरावा. लावल्या लावल्या धुतला तर त्याचा उपयोग होत नाही.

एरंडेल मात्र बारीक, लांब केसांना लावूच नये. ते फार दाट असते. एरंडेल आणि खोबरेल एकत्र लावून डोके धुतल्यावर केसांचा नमद्यासारखा घट्ट गोळा झाल्याचे आणि तो शेवटी कापून टाकावा लागल्याचे प्रकरण भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी २०१७ मध्ये नोंदवले आहे. असे क्वचित घडते, पण घडले की सोडवता येत नाही.

शिकेकाई वापरायची असेल तर पूड थापू नका; भरड कण बारीक केसांवर घासतात आणि कितीही धुतले तरी निघत नाहीत. पाच-सहा शेंगा रात्री भिजवून, अर्धा लिटर पाण्यात उकळून, पंच्यातून गाळून घ्याव्यात. जास्वंदीच्या पानांचा बुळबुळीत रस गुंता सोडवायला चांगला, पण तोही गाळलेलाच हवा. मेंदीचा रंग केसाला धरतो आणि केस थोडा भरीव वाटतो, हा बारीक केसांना फायदा. तासाभरापेक्षा जास्त ठेवू नये आणि दीड-दोन महिन्यांतून एकदाच लावावी. थरावर थर चढले की केस काडीसारखा ताठ होऊन तुटतो. ‘काळी मेंदी’ ही मेंदी नव्हे, त्यात बहुधा पीपीडी हा रासायनिक रंग असतो. कानामागे ठिपका लावून ४८ तास थांबल्याशिवाय डोक्याला लावू नये.

पाण्याचा प्रश्न गोव्यात खरा आहे, पण तो सगळीकडे सारखा नाही. ओपा, अस्नोडा किंवा साळावलीच्या जलशुद्धीकरण प्रकल्पांतून नळाला येणाऱ्या पाण्याची तक्रार करण्यासारखे फारसे नसते. अडचण येते ती टँकर, बोअरवेल आणि खाडीकाठच्या विहिरींची. एप्रिल-मेमध्ये त्यातल्या काही मचूळ होतात. आपले पाणी कसे आहे ते घरीच पाहता येते. अर्धा लिटरच्या पारदर्शक बाटलीत पेलाभर पाणी घ्या, साध्या साबणाचे नखाएवढे दोन-तीन किस टाका आणि जोरात हलवा. फेस उभा राहिला आणि खालचे पाणी स्वच्छ दिसले तर पाणी मऊ. फेस मरून पाणी दुधाळ झाले तर जड. जड पाण्यातला कॅल्शियम केसावर चढतो. केस धुऊनही मळकट वाटतात, कंगवा अडतो. यावर महिन्यातून दोनदा ‘क्लॅरिफाइंग’ लिहिलेला, घटकांत ईडीटीए असलेला शॅम्पू वापरावा. किंवा एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिलि, व्हिनेगर घालून धुण्याच्या शेवटी लांबीवरून ओतावे, मिनिटभराने साध्या पाण्याने धुवावे. माडाचे घरगुती व्हिनेगर चालते, मात्र त्याचा आंबटपणा प्रत्येक बाटलीत वेगळा असतो, तेव्हा आधी अर्धाच चमचा घालून बघावा. लिंबू पिळून उन्हात बसू नये, कातडीवर भाजल्यासारखे डाग उठतात.

जांभ्याच्या जमिनीतल्या विहिरीच्या पाण्याने बादली तांबूस होत असेल, तर पाण्यात लोह आहे. ते पाणी पसरट भांड्यात उंचावरून ओतून रात्रभर ठेवावे. हवेशी संबंध येऊन गाळ तळाला बसतो. सकाळी वरचे निवळ पाणी डोक्यासाठी घ्यावे. केसांसाठी आरओ मशीन घ्यायची गरज नाही. समुद्रात उतरायचे असेल तर आधी साध्या पाण्याने केस भिजवावेत. भिजलेला केस खारे पाणी कमी शोषतो. बाहेर आल्यावर मीठ वाळायच्या आत धुवावे. तरणतलावालाही हेच.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत खरी कसोटी असते ती केस वाळवण्याची. ओला केस फुगतो, ताणला तर बराच लांबतो, आणि बारीक असला की तिथेच तुटतो. तरीही सकाळी न्हाऊन, ओल्याचाच घट्ट अंबाडा घालून, वर हेल्मेट चढवून पणजी गाठायची हा आपला नित्यक्रम. संध्याकाळी सोडले तरी आतून केस दमटच, वर आंबूस वास. पावसाळ्यात शक्य तर रात्री जेवणाआधी न्हावे. टर्किश टॉवेलने खसखसून पुसू नये. सुती पंच्यात केस घेऊन दाबत पाणी काढावे, पंचा बदलून पुन्हा दाबावे. नंतर पंखा.

हेअर ड्रायरला लोक उगाच घाबरतात. कोरियात २०११ मध्ये झालेल्या अभ्यासात, १५ सेंटिमीटर अंतरावरून आणि सतत हलवत ड्रायर वापरला तर केसाचे नुकसान नुसत्या हवेवर वाळवण्यापेक्षा कमी आढळले. कारण केस फार वेळ पाण्याने फुगलेला राहणे हेही नुकसानच. वीत उघडून अंतर मोजा, मधली उष्णता ठेवा, आधी मुळे वाळवा. डोके खाली झुकवून मुळांकडून वाळवले तर केस उठून दिसतात. बारीक केसांना भरीव दाखवायचा याहून स्वस्त उपाय नाही. इस्त्री मात्र ओल्या केसांवर कधीच नको. आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे पडतात आणि तिथे तो मोडतो. कोरड्यावरही १५० अंशांच्या वर नको. पुष्कळ इस्त्र्यांना तापमानाचे बटणच नसते, तशी घेऊ नये.

हेल्मेटखाली पातळ सुती रुमाल बांधावा आणि तो रोज धुवावा. आतले अस्तर निघत असेल तर तेही आठवड्याला शॅम्पूच्या पाण्यात बुडवावे, कंगव्यासकट. दारात पायलट (भाड्याची मोटारसायकल चालवणारा) उभा असला तरी केस वाळल्याशिवाय बांधू नयेत. रबर बँड नको, कापडी गुंडाळीचे बँड घ्यावेत. भांग अधूनमधून बदलावा.

अबोलीचा भरगच्च वळेसर, सुरंगीचा गजरा सणासुदीला हवाच. पण बारीक केसांवर तो टाळूलगत चिमट्यांनी खेचून बसवला की दिवसभर भार मुळांवर येतो. अंबाडा मानेच्या बाजूला खाली घालावा आणि यू-पिना अंबाड्यातच रोवाव्यात. कानशिलाजवळ ओढ लागून पुरळ उठत असेल किंवा बारीक लव राहत असेल तर ती घट्ट वेणीची खूण आहे. वेळीच सैल केली तर केस परत येतात, वर्षानुवर्षे ओढले तर मूळच मरते.

केस कापायला सांगताना ‘लेअर’ कमी सांगा. बारीक केसांत थर जास्त पाडले की टोके शेपटासारखी होतात. सरळ, एका रेषेत कापलेले, खांद्याच्या आसपासचे केस दाट दिसतात. ब्लेडने नाही, धारदार कात्रीने. आठ-दहा आठवड्यांनी एका बोटाच्या रुंदीएवढी टोके काढावीत. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो, तेव्हा लांबी जात नाही.

स्मूदनिंग आणि केराटिनवर आमच्या धंद्याची बरीच कमाई आहे, तरी लिहितो. बारीक केसांवर ते करू नये. ते केस सपाट करण्यासाठीच असते आणि बारीक केस मुळातच सपाट. काही द्रावणे तापवली की फॉर्मल्डिहाइडचा वायू सुटतो, डोळ्यांची आग होते ती त्याने. ‘फॉर्मल्डिहाइडमुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काहींमध्ये ग्लायऑक्सिलिक आम्ल असते. ते लावल्यानंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याचे २०२४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आले आहे. बाटलीवरचे घटक दाखवायला पार्लरवाला टाळाटाळ करत असेल तर खुर्चीतून उठावे.

राहिले गळणे. डेंग्यू, चिकनगुनिया, टायफॉइड, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया, उपाशी राहून उतरवलेले वजन, यांच्यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस एकदम झडतात. जुलैत ताप आला तर केस जातात ते चवथ (गणेशचतुर्थी) उलटल्यावर, दसऱ्याच्या सुमारास, आणि तोवर ताप विसरलेला असल्यामुळे सगळे शॅम्पू बदलत बसतात. ही गळती बहुधा सहा महिन्यांत थांबते. त्या काळात पोटात प्रथिने जायला हवीत. जून-जुलैत मासेमारी बंद, पुढे श्रावण. त्या दिवसांत ताटातले मासे गेले की त्या जागी चवळी, मूग, अंडी, दही काहीतरी यायला हवे, नुसती शीतकढी (भात आणि कढी) नव्हे. बायोटिनच्या गोळ्या कमतरता नसताना काही करत नाहीत, आणि थायरॉइडच्या रक्ततपासणीचे आकडे मात्र चुकवू शकतात.

सहा महिन्यांनंतरही गळती चालू असेल, भांग रुंदावत असेल, नाण्याएवढे चट्टे पडले असतील किंवा टाळूवर दुखऱ्या खपल्या असतील, तर पार्लर आणि पुरवणी दोन्ही सोडून त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) त्वचारोग विभाग आहे. डॉक्टर बहुधा हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासायला सांगतात. जाण्याच्या आदल्या दिवसापासून केस धुऊ नयेत आणि तेलही लावू नये, कारण केस हलकेच ओढून किती सुटतात हे डॉक्टर पाहतात. मागच्या सहा महिन्यांतली आजारपणे, चालू गोळ्या आणि दर महिन्याला एकाच उजेडात काढलेले भांगाचे फोटो सोबत न्यावेत.

आपले,
फोंडा-मडगाव परिसरातील काही केशकर्तनकार व पार्लरचालक